गुहा कोणाची?

दर वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात आमच्या हिरकणीवाडीत पाय ठेवायला जागा नसते. सहा जूनला शिवराज्याभिषेक दिन. पाच तारखेपासूनच गाड्या, टेम्पो, ढोल-ताशे आणि भगवे झेंडे यांनी पाचाडचा रस्ता तुंबतो. कोणी पायऱ्या चढतं, कोणी रोपवेच्या रांगेत उभं राहतं. मी पुण्यात नोकरी करते, पण हे चार दिवस रजा टाकून घरी येते आणि काकाच्या टपरीवर ताक, कोकम सरबत विकते.

दोन वर्षांपूर्वी अशाच गर्दीत एका ग्रुपने विचारलं, "गड बघून झाला. जवळपास अजून काय आहे?" माझ्या चुलतभावाने, म्हणजे दादाने, त्यांना वाघबीळ दाखवून आणलं. पाचाड खिंडीजवळची ही गुहा. तिला नाचणटेपाची गुहा असंही म्हणतात. एका अंगाने आत शिरायचं, आणि पलीकडच्या तोंडातून बघितलं की समोर अख्खा रायगड. त्या मुलांनी तासभर फोटो काढले आणि जाताना आपणहून दादाच्या हातात तीनशे रुपये ठेवले.

रात्री जेवताना दादाचा बेत तयार होता. खाली एक बोर्ड लावायचा. चढाला दोर बांधायचा. दोन बॅटऱ्या घ्यायच्या. माणशी तीस रुपये तिकीट. "सीझनला दिवसाला शंभर माणूस धर," म्हणत तो मोबाइलवर गुणाकार करत होता.

आजी लसूण सोलत बसली होती. ती म्हणाली, "बोर्ड लाव रं, पन ती गुहा कुनाची हाय?"

"कुनाचीच नाय."

"मग तिकीट कुनाचं?"

दादा हसला आणि विषय तिथेच राहिला. मला मात्र झोप येईना. मी अंथरुणात पडल्या पडल्या मोबाइलवर शोधायला लागले : जगात कोणी गुहेचा मालक असतो का? तिकीट लावून गुहा दाखवणं हा कोणाचा खासगी धंदा असतो का? त्या रात्री जे सापडलं त्याचा पाठपुरावा मी पुढे दोन वर्षं करत राहिले. हा लेख त्यातूनच झाला.

आपल्याकडे असा मालक का नाही?

आधी दगडाचं बोलू. आपला सह्याद्री म्हणजे बेसॉल्ट, काळा कातळ. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून तो झाला. हा दगड पाण्यात विरघळत नाही. ज्या गुहांत छतावरून दगडी सुळके लोंबतात, मैलोन् मैल बोगदे असतात, त्या बहुतेक चुनखडीच्या असतात. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होतं, फटींतून खाली झिरपतं आणि लाखो वर्षं चुनखडी विरघळवत राहतं. आंध्रातल्या बोरा आणि बेलम या अशा गुहा. त्या बघायला तिकीट असतं, पण तिथला कारभार सरकारी पर्यटन खात्याकडे आहे.

आपल्याकडच्या गुहा मोठ्या व्हायच्या तर त्या माणसाने खोदाव्या लागल्या. महाडला येताना मुंबई-गोवा महामार्गावरून डोंगरात ओळीने काळी तोंडं दिसतात, ती गांधारपाल्याची लेणी. इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतली, तीसएक बौद्ध लेणी. शाळेत असताना सहलीला आम्ही तिथे डबा खाल्ला होता. तेव्हा मला भिंतीवरचा शिलालेख दिसलाच नव्हता. ब्राह्मी लिपीतल्या त्या प्राकृत लेखात काणभोज विण्हुपालित नावाच्या राजकुमाराने चैत्यगृह, भिक्षूंच्या खोल्या आणि पाण्याच्या टाक्या दान दिल्याची नोंद आहे.

दिल्याची नोंद, हे मला महत्त्वाचं वाटलं. कार्ले असो, नाशिक असो, कान्हेरी असो, लेण्यांच्या भिंतींवरचे बहुतेक लेख हे दानाचे लेख आहेत. व्यापारी, सुतार, लोहार, भिक्षुणी, गावकरी, कोणी खांब दिला, कोणी टाकं दिलं. ज्याने पैसा घातला त्याने नाव कोरलं, पण ताबा सोडून दिला. आमच्या तालुक्यातली गुहेची सगळ्यात जुनी कागदपत्रं म्हणजे अशी बक्षीसपत्रं आहेत. मालकीची गुहा बघायला मला अमेरिकेला जावं लागलं, अर्थात मोबाइलवरूनच.

दहा हजार डॉलरची गुहा

अमेरिकेत केंटकी नावाचं राज्य आहे. त्याच्या मध्यभागी चुनखडीचा पट्टा आहे आणि त्याच्या पोटात मॅमथ केव्ह. मॅमथ म्हणजे इथे फक्त 'प्रचंड'. आज तिचे ६८० किलोमीटरहून जास्त मार्ग मोजून झाले आहेत. जगातली सगळ्यात लांब ज्ञात गुहा हीच. मुंबईहून गोव्याला रस्त्याने जायचं तर जेवढं अंतर पडतं, त्याहून जास्त अंतर जमिनीखाली.

हजारो वर्षांपूर्वी तिथले मूळ रहिवासी बोरूच्या पेटत्या जुड्या घेऊन तिच्यात जात होते. गोऱ्या लोकांच्या कागदावर ती १७९८ च्या सुमारास आली, आणि आली तीच जमिनीच्या नोंदीत, कोणाच्या तरी मालमत्तेचा भाग म्हणून. पहिला उपयोग बघण्याचा नव्हता. गुहेतल्या मातीत नायट्रेट असतं. ती माती पाण्यात भिजवायची, ते पाणी लाकडाच्या राखेतून गाळायचं, मग आटवायचं, की सोरा मिळतो. सोऱ्यापासून बंदुकीची दारू. १८१२ साली अमेरिकेचं ब्रिटनशी युद्ध सुरू झालं आणि सोऱ्याचे भाव चढले. गुहेत माती खणायचं, गाळायचं काम गुलामांकडून करून घेतलं गेलं. त्यांनी बसवलेले लाकडी हौद आणि पोकळ ओंडक्यांचे नळ आजही आत तसेच आहेत. युद्ध संपलं, भाव पडले, आणि मालकांनी दुसरा धंदा शोधला : लोकांना गुहा दाखवणं.

१८३८ साली फ्रँकलिन गोरिन नावाच्या वकिलाने गुहा विकत घेतली. वाटाड्या म्हणून त्याने आपल्या मालकीचा एक मुलगा तिथे आणला. नाव स्टीफन बिशप, वय सतराच्या आसपास. पुढच्याच वर्षी गोरिनने ती गुहा डॉ. जॉन क्रोगन या डॉक्टरला दहा हजार डॉलरला विकली. त्या सौद्यात स्टीफनही आला. गुहेचा मालक बदलला तसा तिच्या वाटाड्याचाही मालक बदलला.

स्टीफनच्या आधी वाटाडे ज्या खोल दरीपाशी थांबून परत फिरत, तिला 'बिनतळाची दरी' म्हणत. १८३८ मध्ये स्टीफनने तिच्यावर शिडी आडवी टाकली आणि एका पाहुण्याला सोबत घेऊन ती ओलांडली. पलीकडे काय आहे ते तोवर कोणाला माहीत नव्हतं. त्याला नद्या सापडल्या. त्या नद्यांत डोळे नसलेले मासे होते. नवनव्या दालनांची यादी वाढत गेली. १८४२ साली मालकाच्या घरी बसून त्याने आठवणीतून गुहेचा नकाशा काढला. पुढे तो पुस्तकात छापला गेला, आणि छापताना त्याचं नाव दिलं गेलं. गुलामाचं नाव नकाशाखाली छापलं जाणं ही त्या काळात मोठीच गोष्ट होती.

डॉ. क्रोगनला गुहा आणखी एका कामासाठी हवी होती. तो क्षयावर उपाय शोधत होता. गुहेत बारा महिने सारखाच गारवा असतो, साधारण बारा-तेरा अंश. आत लाकडं कुजत नाहीत. मग फुप्फुसंही कुजणार नाहीत, असा त्याचा अंदाज. १८४२-४३ च्या हिवाळ्यात त्याने पंधराएक रुग्णांना गुहेतल्या झोपड्यांत ठेवलं. त्यांचं जेवणखाण बघायचं काम गुलामांकडेच होतं. सूर्य नाही, चुलींचा आणि दिव्यांचा धूर कोंडलेला. रुग्ण खंगत गेले, काही आतच वारले, उरलेले काही महिन्यांत बाहेर पडले. दोन दगडी खोल्या अजून उभ्या आहेत. क्रोगन स्वतः १८४९ साली क्षयानेच गेला.

मृत्युपत्रात त्याने गुहा भाचे-पुतण्यांच्या नावे केली आणि आपल्या गुलामांना सात वर्षांनी मुक्त करायला सांगितलं. म्हणजे स्टीफन १८५६ साली मोकळा झाला. १८५७ मध्ये तो वारला. चाळिशीही गाठली नव्हती. त्याच्या थडग्यावर दगड आला तो १८८१ साली, एका श्रीमंत पाहुण्याने पाठवलेला. त्यावर मृत्यूचं वर्ष चुकलेलं आहे, १८५९. जगातल्या सगळ्यात लांब गुहेचा नकाशा डोक्यात बाळगणाऱ्या माणसाचं स्वतःचं शेवटचं वर्षही कोणी नीट लिहिलं नाही.

हे वाचत होते तेव्हा वर हिरकणी बुरुजावर दिवे लागले होते. आमच्या वाडीला जिचं नाव आहे ती हिरकणी इतिहासाच्या कागदात सापडत नाही, ती लोकांच्या तोंडी आहे. गडावर दूध घालायला गेलेली गवळण, सूर्यास्ताला बंद झालेले दरवाजे, खाली घरी तान्हं बाळ, आणि रात्री कडा उतरून आलेली आई. महाराजांनी तिचं कौतुक केलं आणि जिथून ती उतरली तिथे बुरुज बांधला, अशी कथा. लहानपणी मला त्यात फक्त आई दिसायची. आता वाटतं, कथेतल्या त्या बाईला कड्याची अशी वाट ठाऊक होती जी गड बांधणाऱ्यांनाही ठाऊक नव्हती. स्टीफनचंही तसंच. पण हिरकणीच्या कथेत राजा तिचं नाव देतो. स्टीफनची नोंद मात्र खरेदीखतात मालमत्ता म्हणून होते.

रस्त्यावरची ओढाओढ

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला केंटकीत मोटारी आल्या. शहरातले लोक सुट्टीला गाडी काढून गुहा बघायला येऊ लागले. तिथली शेती खडकाळ, उत्पन्न बेताचं. अशात एखाद्याच्या शेतात भोक सापडलं आणि ते खाली मोठं निघालं, की त्याचं नशीब उघडायचं. जो तो आपल्या रानात गुहा शोधू लागला. या काळाला तिथे 'गुहायुद्ध' असंच नाव पडलं आहे.

त्याचे डावपेच वाचताना मला हसू येत होतं, कारण ते फार ओळखीचे वाटत होते. पोरं रस्त्यात उभी राहत, चालत्या मोटारीच्या पायरीवर उडी मारत आणि सांगत, "मॅमथ केव्ह आज बंद आहे, आत पाणी भरलंय. त्यापेक्षा आमची बघा." कुठल्याही पर्यटनस्थळाच्या अलीकडच्या वळणावर, "पुढे पार्किंग फुल आहे साहेब, इथेच लावा" हे आपण ऐकलेलं असतंच. १९२१ मध्ये जॉर्ज मॉरिसन नावाच्या माणसाने तर कमाल केली. मॅमथ केव्हचे काही भाग क्रोगनच्या वारसांच्या हद्दीबाहेर पसरलेत हे त्याने ताडलं. त्याने बाहेरची जमीन घेतली, सुरुंग लावून नवं तोंड पाडलं आणि 'मॅमथ केव्हचं नवीन प्रवेशद्वार' म्हणून तिकीट सुरू केलं.

याच भागात फ्लॉइड कॉलिन्स राहत होता. शेतकऱ्याचा मुलगा, लहानपणापासून गुहांचं वेड. १९१७ साली त्याला घरच्या शेताखाली एक सुंदर गुहा सापडली. तिचं नाव क्रिस्टल केव्ह. पण ती रस्त्याच्या अगदी शेवटाला होती. तिथवर पोचेपर्यंत गिऱ्हाईक आधीच्या गुहेत अडकलेलं असे. म्हणून त्याला रस्त्याच्या अलीकडची गुहा हवी होती. एका शेजाऱ्याच्या रानात त्याने शोध सुरू केला. ३० जानेवारी १९२५ रोजी अरुंद फटीतून बाहेर येताना एक दगड सुटला आणि त्याच्या पायावर बसला. दगड फार मोठा नव्हता, बारा किलोच्या आसपास. पण तिथे हात पोचत नव्हता.

मग जे झालं ते अमेरिकेतल्या पहिल्या मोठ्या 'लाइव्ह' बातम्यांपैकी एक. लुइव्हिलच्या वर्तमानपत्राचा बातमीदार विल्यम मिलर अंगाने बारीक होता, तो सरपटत फ्लॉइडपर्यंत गेला, त्याला भरवलं आणि त्याच्याशी बोलून बातम्या लिहिल्या. पुढच्या वर्षी त्याला पुलित्झर पुरस्कार मिळाला. रेडिओवरून देशभर लोक ऐकत होते. गुहेच्या तोंडाशी हजारोंची जत्रा जमली. खाण्याचे स्टॉल, फुगेवाले, सगळं. बाजूने आडवा-उभा खड्डा खणत सुटका करणारे १६ फेब्रुवारीला त्याच्यापर्यंत पोचले, तेव्हा तो वारलेला होता.

गोष्ट इथे संपायला हवी होती. भावाने खटपट करून मृतदेह बाहेर काढला आणि शेतावर पुरला. पण १९२७ मध्ये त्याच्या वडिलांनी क्रिस्टल केव्ह विकली. नव्या मालकाने मृतदेह उकरून काचेच्या झाकणाच्या पेटीत गुहेतच ठेवला आणि तो तिकिटावर दाखवू लागला. १९२९ मध्ये तो चोरीला गेला. सापडला तेव्हा एक पाय नव्हता. पुढची कित्येक वर्षं ती पेटी आत होती. फ्लॉइड कॉलिन्सचं नीट दफन झालं ते १९८९ साली. मरून चौसष्ट वर्षं झाल्यावर.

दादाला मी हे सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "रस्त्याच्या अलीकडची गुहा. बरोबर आहे त्याचं." आमची टपरी रोपवेच्या रस्त्याला आहे. १९९६ साली रोपवे सुरू झाला आणि त्याचं खालचं स्टेशन आमच्या वाडीत आलं. त्याआधी वाडीत उपरा माणूस दिसायचा तो वाट चुकलेला. रस्ता कुठून जातो यावर घरातली चूल कशी अवलंबून असते, हे आम्हाला कोणी समजावून सांगायची गरज नाही.

ज्याची जमीन, त्याचं पाताळ?

आजीच्या प्रश्नाला कोर्टातही उत्तर शोधलं गेलं आहे, आणि तेही एकाहून जास्त वेळा.

व्हर्जिनिया राज्यात १८७८ साली काही जणांना एका टेकडीखाली ल्युरे नावाची अप्रतिम गुहा सापडली. त्यांनी तोंड झाकून ठेवलं आणि ती जमीन लिलावात गुपचूप, साध्या रानाच्या भावाने घेतली. खाली काय आहे ते बाहेर फुटल्यावर जुन्या मालकाकडचे लोक कोर्टात गेले. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १८८१ मध्ये तो व्यवहारच रद्द केला. शोधणाऱ्यांच्या हातून गुहा गेली. ल्युरे केव्हर्न्स आजही खासगी मालकीची आहे आणि १९०५ पासून एकाच घराण्याकडे आहे.

दुसरा खटला केंटकीतलाच. एडवर्ड्स नावाच्या गृहस्थाच्या जमिनीत ग्रेट ऑनिक्स केव्हचं तोंड होतं. त्याने वाटा केल्या, हॉटेल काढलं, जाहिराती केल्या. शेजारी ली म्हणाला, तुझी गुहा माझ्या शेताखाली आली आहे, मला मोजणी हवी. एडवर्ड्सचं म्हणणं, तोंड माझं, मेहनत माझी, तुला तर आत पायही ठेवता येत नाही. १९२९ मध्ये वरच्या कोर्टाने मोजणीला परवानगी दिली. आधार होता तो जुना नियम : ज्याची जमीन, त्याचं वर आकाश आणि खाली पाताळ. एका न्यायाधीशाने विरोधी मत नोंदवलं. जो अंधारात उतरला, ज्याने ती जागा माणसाच्या उपयोगात आणली, गुहा त्याची, असा त्याचा आशय. मोजणी झाली. दाखवल्या जाणाऱ्या मार्गाचा जवळपास एक तृतीयांश भाग लीच्या शेताखाली निघाला. १९३६ मध्ये निकाल लागला, की त्या प्रमाणात नफ्याचा वाटा लीला मिळावा. तोवर ली वारला होता, वाटा त्याच्या वारसांकडे गेला.

जमिनीखालच्या गोष्टींचा प्रश्न आपल्या सर्वोच्च न्यायालयातही आला आहे. २०१३ मध्ये केरळातल्या एका खटल्यात न्यायालयाने म्हटलं, की कायद्याने वेगळं ठरवलं नसेल तर जमिनीखालच्या खनिजावर जमीनमालकाचा हक्क असतो. आणि प्राचीन वास्तू खासगी जमिनीत असली तरी १९५८ च्या कायद्याखाली सरकार तिला संरक्षित जाहीर करू शकतं. म्हणजे दादाच्या बोर्डाआधी सात-बारा काढावा लागणार होता, हे नक्की. आजीला ते माझ्याआधी कळलं होतं.

पण कोर्टाच्या कागदांत मला सगळ्यात जास्त अडवलं ते केंटकीने नाही, महाडने.

आमच्यापासून तासाभरावर महाडात चवदार तळं आहे. मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर केला, की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर खुलं, प्रत्यक्षात बंद. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्यानंतर दंगल झाली, तळं 'शुद्ध' केलं गेलं, नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. हे आपण शाळेत शिकतो. शाळेत मला न कळलेला भाग पुढचा आहे. डिसेंबरमध्ये दुसरी परिषद भरायच्या तोंडावर काही सवर्ण रहिवासी कोर्टात गेले. त्यांचा दावा काय होता? हे तळं सार्वजनिक नाहीच, ते खासगी स्वरूपाचं आहे, आणि अस्पृश्यांनी त्याला शिवू नये अशी पूर्वापार वहिवाट आहे.

कोर्टाने तात्पुरती मनाई दिली. खटला चालत राहिला. १९३१ मध्ये खालच्या कोर्टाचा निकाल आंबेडकरांच्या बाजूने लागला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तो कायम केला. अशी कोणतीही अनादी वहिवाट सिद्ध झालेली नाही, असं न्यायालयाने म्हटलं. पाणी प्यायल्यापासून शेवटच्या निकालापर्यंत दहा वर्षं.

ग्रेट ऑनिक्सचा निकाल १९३६ चा, चवदार तळ्याचा १९३७ चा. दोन्हीकडे प्रश्न 'हे कोणाचं' असा. पण केंटकीत दोन मालक नफ्याच्या वाट्यासाठी भांडत होते. महाडात 'खासगी' हा शब्द माणसांना पाण्यापासून दूर ठेवण्यासाठी वापरला गेला. मी इतकी वर्षं त्या तळ्यावरून एसटीने गेले आहे, पण मालकीचा शब्द इतका जड असू शकतो हे मला गुहांच्या नादाने कळलं.

मग सरकारची असावी का?

सोपं उत्तर असं वाटतं, की अशा जागा सरकारने घ्याव्यात. केंटकीत तेच झालं. १९२६ मध्ये राष्ट्रीय उद्यानाला मंजुरी मिळाली, १ जुलै १९४१ ला मॅमथ केव्ह राष्ट्रीय उद्यान झालं. त्यासाठी शेकडो कुटुंबांना जमिनी सोडाव्या लागल्या. काहींनी राजीने विकल्या, काहींच्या सक्तीने घेतल्या गेल्या. शाळा, शेतं गेली, दफनभूमी राहिल्या.

आणि वाटाडे? स्टीफनसोबत मॅट आणि निक ब्रॅन्सफर्ड हे दोन गुलाम वाटाडे होते. मुक्त झाल्यावरही त्यांची पोरं-नातवंडं तेच काम करत राहिली. गुहेतले अनेक मार्ग या घराण्याने शोधले. उद्यान सरकारकडे आलं तेव्हा या काळ्या वाटाड्यांना नोकरीत घेतलं गेलं नाही. शंभर वर्षांची परंपरा एका खांदेपालटात तुटली. मॅटचा एक वंशज पुन्हा तिथे वाटाड्या म्हणून रुजू झाला तो २००४ साली.

खासगी मालकांनी स्टीफनला विकलं-घेतलं, सरकारने त्याच्यामागून आलेल्यांना बाहेर ठेवलं. मला यातून कोणाचाच झेंडा हातात घेता येत नाही. पण गुहेची मालकी आणि गुहेची माहिती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली ज्याच्याकडे असते तो दुसरी असलेल्या माणसाला फार सहज विसरतो, एवढं दिसतं.

१९७२ साली संशोधकांची एक तुकडी शेजारच्या डोंगराखालच्या गुहांतून आत शिरली, पाण्यातून पुढे गेली आणि थेट मॅमथ केव्हच्या पर्यटकांच्या वाटेवर निघाली. फ्लॉइड कॉलिन्सची क्रिस्टल केव्ह त्या शेजारच्या जाळ्याचाच भाग होती. म्हणजे ज्यांचे मालक रस्त्यावर गिऱ्हाइकं ओढत होते त्यातल्या काही गुहा खालून एकच होत्या.

दादाचं काय झालं

दादाने बोर्ड लावला नाही. मी त्याला अडवलं असं नाही. माझ्या गोष्टी ऐकून तो एवढंच म्हणाला, "मी काय कुनाला भोकाचे पैसे मागतोय का? वाट दाखवायचे मागतोय." त्याला वाटेवर कुठे माती सुटते ते माहीत आहे, कुठल्या महिन्यात मधमाश्यांची पोळी असतात ते माहीत आहे, समोर गडावर कुठलं टोक कोणतं ते सांगता येतं. त्याचे तो पैसे घेतो. ज्याला एकट्याने जायचं असेल त्याला वाट सांगतो, फुकट.

मागच्या वर्षी शेजारच्या वाडीतल्या दोन पोरांनीही हेच सुरू केलं. पाच जूनला संध्याकाळी रस्त्यावर एका मिनीबसच्या दारात दादाची आणि त्यांची चांगलीच जुंपली. "आमचं गिऱ्हाईक", "आधी आम्ही बघितलं". मी टपरीतून बघत होते. मला केंटकीतल्या मोटारीच्या पायरीवर उभी राहिलेली पोरं आठवली आणि पोटात कसंतरी झालं.

भांडण आजीने मिटवलं. तिने तिघांना टपरीमागे बसवलं, ताक दिलं, आणि उन्हाळ्यात विहिरीवर जशा पाण्याच्या पाळ्या लावतात तशा पाळ्या लावल्या. सकाळी एक, दुपारी एक, संध्याकाळी एक. दुसऱ्या दिवशी वेळा फिरायच्या. त्यासाठी माझ्या जुन्या वहीची उरलेली पानं वापरली. आजीला लिहिता येत नाही, म्हणून ती नावापुढे रेघा मारते.

यंदा जूनला मी गेले तेव्हा वहीत पाच नावं झाली होती. त्यातलं एक मुलीचं आहे.